मुजावर बाईंचा खल

परवा सून म्हणाली, "आई, एअर फ्रायर घेऊ या का? सेल लागलाय."

मी कणीक मळत होते. मान वर न करताच म्हटलं, "लागतोच का? त्याचं काम करणारं आपल्याकडे दुसरं काही नाही का? आणि आणला तर पाच वर्षं जागचा हलणार नाही ना, की दिवाळीत माळ्यावर?"

सून हसली. "आई, तुम्ही तर कस्टमवाल्यांसारखं विचारता."

तिने थट्टा केली, पण बोलली ते खरंच होतं. हे प्रश्न कस्टमचेच आहेत. मी ते मुजावर बाईंकडून उचलले आणि बाईंनी सरकारकडून. माझ्याजवळ स्वतःचं असं बोलणं थोडंच आहे. चौथीपर्यंत शाळा, मग लग्न होईपर्यंत भावाच्या म्हशी, आणि लग्नानंतर दिल्ली. दिल्लीत पहिली काही वर्षं मी "हां जी" एवढंच बोलले. त्या दोन शब्दांवर संसार करता येतो, पण दारावर आलेल्या प्रत्येक विक्रेत्याला "हां जी" म्हटल्यामुळे आमच्या घरात तीन लायटर होते आणि गॅस नव्हता. बसमध्ये "रोको" म्हणायची लाज वाटायची, म्हणून दुसरं कुणी उतरेल तिथे मी उतरायची आणि मागे चालत यायची.

नवरा करोल बागेत मराठी मुलांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता. गावोगावची मुलं कलेक्टर व्हायला आलेली. मीही तिथे पोळ्या लाटाव्यात असं त्याच्या मनात होतं, पण एवढ्या भावी कलेक्टरांसमोर माझ्या हातात लाटणं धरवेना. शेवटी मेसमधल्याच एका मुलाने मयूर विहारमधलं एक घर सुचवलं. "बाई एकट्याच असतात. मिरजेच्या आहेत, युनिव्हर्सिटीत शिकवतात. बोलतात कमी." शेवटचं सोडून बाकी सगळं खरं निघालं.

सासूने गावाहून विचारलं, "मुजावर म्हणजे कोण गं?"

मी म्हटलं, "मिरजेच्या."

आमचं गाव तासगावजवळ. दिल्लीत बसल्यावर मिरज म्हणजे शेजारचं घर. सासूने पुढे काही विचारलं नाही.

डॉक्टर जमिला मुजावर. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मी बाई म्हणायची, कारण आमच्या शाळेत शिकवणाऱ्या त्या बाई. सोसायटीच्या चौकीदाराला हे कधीच समजलं नाही. त्याच्या हिशेबी बाई मी होते. "बाई घर पर है?" असं मी गेटवर विचारलं की तो माझ्याकडे काळजीने बघायचा.

पहिल्या दिवशी बाईंनी स्वयंपाकाचं काहीच विचारलं नाही.

"जमीन कसली तुमची? काळी की मुरमाड?"

"काळी."

"उन्हाळ्यात भेगा पडतात?"

"पडतात."

"हात जातो आत?"

"कोपरापर्यंत जातो. लहानपणी भावाचा चेंडू पडला होता, तो अजून आतच आहे."

बाईंचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, चेंडू त्यांचाच होता. "उद्यापासून ये," म्हणाल्या. मला पोळ्या कशा येतात हे त्यांनी विचारलं नाही, आणि त्याची फळं पुढे बरेच दिवस त्यांनीच खाल्ली.

बाई उंच होत्या. सुती साडी, पदर कायम कमरेला खोचलेला, चष्मा गळ्यात दोरीने बांधलेला आणि तरीही हरवलेला. हात बघितले तर कुणी प्राध्यापक म्हटलं नसतं. नखांत माती. त्यांचं सगळं काम मातीचंच होतं. काळी माती पाणी प्याल्यावर का फुगते आणि वाळल्यावर का फाटते, हे त्या जन्मभर शोधत होत्या. मला त्यांनी एकदा पोळीचे पापुद्रे सोडवून दाखवले. "ही माती आतून अशी असते. पानांवर पानं. पाणी पानांच्या मधे शिरतं." माझ्या पोळीला पापुद्रे सुटले होते, त्यामुळे ते उदाहरण मला फार आवडलं.

मातीची परीक्षा त्या आधी तोंडाने करायच्या. चिमूटभर दाताखाली घ्यायच्या, डोळे मिटायच्या. "कचकचते. रेती आहे." मग चूळ. लहानपणी मी माती खाल्ली म्हणून आईचा मार खाल्ला होता. त्याच कामाचा दिल्लीत पगार मिळतो हे आईला कळवायचं राहून गेलं. माझ्या पिठाच्या चाळण्याही बाई युनिव्हर्सिटीत न्यायच्या. नवी चाळण आणली की मी ती पिठाच्या डब्याआड लपवायची. त्या शोधून काढायच्या. चष्मा सापडायचा नाही, चाळण सापडायची.

पण मातीची पानं दाताने मोजता येत नाहीत. त्याला यंत्र लागतं. मातीची भुकटी करून त्यात ठेवायची, त्यावर किरण सोडायचे, ते कसे परत उडतात त्यावरून आतली रचना कळते. एवढं मला कळलं, आणि एवढंच मी सांगू शकते. असं यंत्र बाईंच्या विभागात नव्हतं. त्या भुकटीच्या पुड्या बांधून दुसऱ्या गावच्या मोठ्या संस्थांत पाठवायच्या आणि महिनोन्‌महिने वाट बघायच्या. "दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी टाकली शालन, की त्याचं जेवण झाल्यावरच आपली उलटते," असं म्हणायच्या. आणि त्यांना रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरली होती. आपली माती आपल्या यंत्रावर एकदा बघायची, एवढं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या तोंडून दुसरी कुठली इच्छा मी ऐकली नाही.

यंत्र परदेशातून यायचं होतं. संशोधनासाठी असेल तर सरकार त्यावर जकात घेत नाही, आणि जकात भरायची तर विभागाकडे यंत्राचेच पैसे कसेबसे होते. पण जकातमाफीसाठी सरकारला तीन गोष्टी लिहून द्याव्या लागायच्या. हे संशोधनाला लागतंच. हे आपल्या देशात बनत नाही. आणि हे पाच वर्षं युनिव्हर्सिटीच्या बाहेर जाणार नाही. या तीन वाक्यांवर सह्या मिळवण्यात बाईंची इतकी वर्षं गेली की ती वाक्यं त्यांच्या अंगात मुरली. त्या घरातल्या वस्तूंनाही तेच विचारायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, खोबऱ्याची किसणी घ्यायची का?" तर त्या म्हणायच्या, "लागतेच का? विळीने होत नाही का? आणि आणलीस तर पाच वर्षं टिकेल ना?" मी तीनदा "हां जी" म्हणायची आणि किसणी मिळायची नाही.

ते दिवसही असे होते की बाजारात रोज काहीतरी परदेशी यायचं. कॉलनीतल्या मार्केटमध्ये चॉकलेटं आली, बूट आले, शेजाऱ्यांकडे भिंतीएवढा टीव्ही आला. कुणी ना कुणी गुडगावला फ्लॅट बुक करून यायचं आणि पेढे वाटायचं. बाई पेढा खाऊन म्हणायच्या, "बूट आले, चॉकलेटं आली. माझं यंत्र तेवढं चालत येतंय."

शेवटी ते विमानाने आलं. आणि विमानतळाच्या मालगोदामात अडकलं.

भर उन्हाळा होता. बाई रोज तिकडे जायच्या. एक दिवस म्हणाल्या, "चल, सोबतीला. तिथे मराठी बोलायला कुणी नाही." मी दोघींचा डबा घेऊन गेले. कस्टमचे एक साहेब होते, जाडजूड, शांत, तोंडात पान नसताना पान असल्यासारखे बोलणारे. यंत्राच्या तीन पेट्या होत्या. दोन पेट्यांबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. तिसऱ्या पेटीवर त्यांनी पेन ठेवलं.

"मॅडम, ये क्या है?"

"चिलर. मशीन को ठंडा रखता है."

"मतलब कूलर."

"कूलर नहीं. पानी ठंडा करके मशीन में घुमाता है."

"तो वॉटर कूलर."

बाईंनी त्यांना चित्र काढून दाखवलं. साहेबांनी चित्र सरळ धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं. डोक्यावर पंखा गरम हवा फेकत होता. मग ते म्हणाले, "मॅडम, दिल्ली का जून है. ठंडे पानी का बक्सा आप रिसर्च के नाम पे छुड़ाने आई हैं. मेरी जगह आप होतीं तो?"

मला वाटलं, आता बाई भडकतील. बाईंनी विचार केला. खरोखर विचार केला. "मैं भी नहीं छोड़ती," म्हणाल्या.

साहेबांनी पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिसरी पेटी हा यंत्राचाच भाग आहे असं युनिव्हर्सिटीच्या सगळ्यात मोठ्या साहेबांच्या सहीने लिहून आणा म्हणाले. ते आणण्यात आणखी बरेच दिवस गेले. पेट्या सुटल्या तेव्हा साहेब म्हणाले, "एक दिन आऊँगा. देखूँगा, किसको ठंडा कर रहा है."

"आइए," बाई म्हणाल्या.

यंत्रासोबत एक खल आला होता. अकीक दगडाचा, वाटीएवढा, दह्यासारखा गुळगुळीत, त्याचा बत्ताही तसाच. मातीची भुकटी त्यात मैद्याहून बारीक व्हायची. बाई यंत्राइतकंच त्या खलाचं कौतुक करायच्या.

पहिली माती माझ्या गावची लावायची असं त्यांनी आधीच ठरवलं होतं, आणि ती आणायला मी गेले होते. भावाच्या रानातली माती मी लाडूच्या डब्यात भरली. परतीच्या गाडीत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही, सांडेल म्हणून. समोरच्या आजोबांनी हळूच विचारलं, "हरिद्वार?" मला गाडीचं विचारतायत की काय कळेना. "हां जी." त्यांनी डब्याकडे बघून हात जोडले. "माँ?" आता कसं नाही म्हणायचं. "हां जी." सबंध डब्याने मला खिडकीची जागा दिली. एका बाईने रडून घेतलं. मीही थोडं रडले, कारण न रडणं बरं दिसलं नसतं. दिल्लीला उतरून बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खोटं कुठं बोललीस? जमिनीला काळी आई म्हणतातच." आणि डबा उघडून चिमूटभर तोंडात टाकली. आजोबांनी ते बघितलं नाही हे बरं.

ती माती यंत्रावर लागली त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या चपला न काढता सरळ स्वयंपाकघरात. हातात लांब कागद, त्यावर डोंगरांसारखी रेघ.

"शालन, तुमच्या जमिनीत मीठ आहे."

त्यांनी दोन टोकदार डोंगर दाखवले. हे मिठाचेच, म्हणाल्या. कालव्याचं पाणी जास्त झालं की जमीन खारवते. तुमच्या रानाला सुरुवात झाली आहे, अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, आपण पहिल्या. मी बूथवर जाऊन भावाला फोन केला. भाऊ घाबरला. त्याने विहिरीचं पाणी चाखलं, रानातली माती चाखली, शेजाऱ्याची चाखली, आणि बांधाच्या कडेने चर खणायला घेतला. गावात सांगितलं, दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी काढलंय. बाईंनी तिकडे एका मोठ्या सभेत वाचायला निबंध लिहायला घेतला.

खातरी करायला बाईंनी त्याच डब्यातली माती दुसऱ्यांदा लावली. मीठ नाही. तिसऱ्यांदा लावली. नाही. त्या रात्रंदिवस विचारात. एका सकाळी मी पोळ्या करत असताना त्यांनी पिशवीतून खल काढला आणि नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

"लसूण," त्या म्हणाल्या.

झालं होतं ते असं. रविवारी माझी सुट्टी. बाईंनी खल घरी आणला होता, रेडिओ ऐकत निवांत माती घोटायची म्हणून. दुपारी त्यांना ठेचा खावासा वाटला. मिक्सरमध्ये ठेच्याचा लगदा होतो हे मिरजेच्या माणसाला सांगावं लागत नाही. समोर खल होता. हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ. "इतका सुरेख झाला होता गं," बाई म्हणाल्या. मग खल धुतला आणि त्यात तासगावची माती घोटली. आणि जगातलं इतकं महाग, इतकं नाजूक यंत्र, त्याने बाईंच्या ठेच्यातलं मीठ बरोबर शोधून काढलं.

बाई हसायला लागल्या. एवढ्या हसल्या की पोळी करपली. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "खल यंत्राबरोबर आलेला. तो बाहेर न्यायचाच नव्हता. तिसरा प्रश्न मीच मोडला."

निबंध त्यांनी फाडला. मी भावाला फोन करून सांगितलं की मीठ नाही, तर तो म्हणाला, "चर तर खणून झाला." (तो चर पुढे पावसाळ्यात उपयोगी पडला, आणि भाऊ आजही म्हणतो की शास्त्रज्ञांना आधीच कळतं.) रेघेचा तो कागद मात्र बाईंनी फाडला नाही. त्यावर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत "ठेचा" लिहिलं आणि यंत्राच्या वरच्या भिंतीला चिकटवला, आपल्यालाच धाक म्हणून. त्या खोलीत तेव्हापासून अन्नाचा कण न्यायला बंदी झाली आणि खल उंबऱ्याच्या आत राहिला. विद्यार्थ्यांना ठेचा हे एखाद्या खनिजाचं नाव वाटायचं. बाईंनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

आता खंडेनवमीचं सांगते.

बाईंच्या वडिलांचं मिरजेत इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला ते लेथ धुऊनपुसून त्याला झेंडूची माळ घालायचे आणि दिवसभर चालू करायचे नाहीत. सगळी गल्लीच तसं करायची. "अब्बा म्हणायचे, लेथ वर्षभर आपलं ऐकतं, एक दिवस आपण त्याचं ऐकावं," बाई सांगायच्या. त्या स्वतः देवाधर्माचं काही करताना मी पाहिल्या नाहीत. ईदला शिरखुर्मा करायच्या तोही सगळ्या मजल्यांवर वाटता यावा म्हणून. पण यंत्र आल्यावरच्या पहिल्या खंडेनवमीला म्हणाल्या, "फुलं आणि नारळ घेऊन ये." म्हणून मी त्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं.

विभागात मिश्राजी नावाचे मदतनीस होते, देवभोळे. पण त्यांच्याकडे विश्वकर्मापूजा आधीच होऊन गेली होती, त्यामुळे ही दुसरी पूजा त्यांना संशयास्पद वाटत होती. तरी ते माळ बांधू लागले. यंत्राला हळदीकुंकू, चिलरला हळदीकुंकू, समोर पाटावर खल, बत्ता, नट आवळायचे पाने आणि माझ्याच दोन हरवलेल्या चाळण्या. यंत्र बंद. बाई स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात दार उघडलं आणि कस्टमचे तेच साहेब आत आले.

त्यांनी सगळीकडे पाहिलं. झेंडूकडे जरा जास्त वेळ.

"मॅडम, मशीन बंद है."

"आज इसकी छुट्टी है."

"कब से छुट्टी है?"

"आज सुबह से."

साहेबांनी ब्रीफकेसमधून कागद काढला. "देखिए, जो ड्यूटी माफ होती है, रिसर्च के लिए होती है. मैं आया, मशीन बंद, उस पे फूल. मैं क्या लिखूँ? चला के दिखाइए."

"आज नहीं चलेगी."

मिश्राजी पुढे झाले. "मॅडम, चला दीजिए. भगवान बुरा नहीं मानेंगे."

"भगवान का मुझे पता नहीं," बाई म्हणाल्या. "मैंने इसको छुट्टी दी है. परसों आइए, दिनभर चलाऊँगी."

देव न मानणारी बाई सणासाठी अडून बसलेली, आणि देवभोळा माणूस पूजा मोडायला सांगतोय. साहेबांचं पेन कागदावर टेकलं. "बंद पाया गया" एवढं त्यांनी लिहिलं असतं तर युनिव्हर्सिटीला सगळी जकात भरावी लागली असती, आणि त्याआधी खोलीला कुलूप. बाईंना कुलूप उघडायची वाट बघण्याएवढी नोकरी उरली नव्हती. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. स्टुलाची कड त्यांनी घट्ट धरली होती, पण उठल्या नाहीत.

साहेबांची नजर भिंतीवर गेली. "ये क्या है? ठे-चा. ठेचा क्या होता है?"

बाईंनी गळ्यातला चष्मा पुसायला घेतला.

"मिनरल है, सर," मिश्राजी ठामपणे म्हणाले.

"कभी सुना नहीं." साहेब वळले. खोलीत चौथी मीच होते, हातात नारळ घेऊन. "आप बताइए, जी. मिनरल है?"

इतकी वर्षं "हां जी" वर काढली. त्या दिवशीही ते चाललं असतं. पण माझ्या तोंडून काय बाहेर पडलं, तर, "नहीं साहब. हरी मिर्ची है. लसून, नमक. मॅडम ने इतवार को खल में कूटा, घर पे. फिर उसी में मेरे भाई की मिट्टी. तो नमक निकला. भाई ने चर खोद दिया." चर या शब्दाला हिंदी सुचेना म्हणून मी नारळासकट हात हलवून खणून दाखवलं.

साहेबांनी पाटावरच्या खलाकडे बोट केलं.

"ये वाला?"

"हां जी."

"ये घर गया था?" हे त्यांनी बाईंना विचारलं.

"गया था," बाई म्हणाल्या.

"मॅडम, ये मशीन के साथ माफी में आया है. बाहर नहीं जा सकता."

"मालूम है. लिखना है तो वो लिखिए, वो सच है. मशीन काम में नहीं है, ये मत लिखिए."

साहेब भिंतीजवळ गेले. मिठाचे दोन डोंगर त्यांनी बोट लावून पाहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, खोकला आला. ते हसत होते. "मॅडम, जहाँ जाता हूँ, लोग चलती मशीन दिखाते हैं. उसी सुबह चालू की हुई. गलती आज तक किसी ने नहीं दिखाई." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. चिलरवर हात ठेवला, तो गार नव्हता, तोही सुट्टीवर होता. "दशहरे के बाद आता हूँ. खल अब यहीं रहेगा."

"यहीं रहेगा," बाई म्हणाल्या.

नारळ फोडून मी खोबरं त्यांच्या हातावर ठेवलं. अन्नाला बंदी असल्यामुळे ते त्यांना उंबऱ्याबाहेर उभं राहून खावं लागलं.

दसऱ्यानंतर ते आले, यंत्र चालताना पाहिलं, सही करून गेले. त्या दिवशी बसस्टॉपवर बाई मला म्हणाल्या, "इतकी वर्षं तोंड उघडलं नाहीस, आणि उघडलंस ते कस्टमसमोर." मी मान खाली घातली. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली, हळू, पण मातीच्या हाताने. ब्लाऊजवर डाग पडला.

बाई रिटायर झाल्या तेव्हा पाच वर्षं पुरी झाली नव्हती. निरोपाच्या दिवशी मिश्राजींनी शालीत गुंडाळून खल गुपचूप त्यांच्या पिशवीत घातला. गेटपर्यंत गेल्यावर बाईंना पिशवी जड लागली. त्या परत चालत गेल्या आणि खल जागेवर ठेवून आल्या. मग मिरजेला गेल्या. माझ्याकडे राहिल्या त्या दोन चाळण्या, बऱ्याच बारीक मातीसकट.

पुढे मी त्यांना एकदाच पाहिलं. कुणाची तरी परीक्षा घ्यायला त्या दिल्लीला आल्या होत्या. फोन केला, "डबा घेऊन ये." आम्ही दोघी विभागात गेलो. बाई वाकल्या होत्या, जिना चढताना माझा हात धरला. खोलीत नवं, लहान, चकचकीत यंत्र होतं. जुनं कोपऱ्यात, पण अजून चालतं. पोरं शिकायला वापरतात, असं तिथले तरुण सर म्हणाले. खल त्याच्यापाशीच होता. सरांनी तो उचलून बाईंपुढे धरला. "मॅडम, अब तो पाँच साल कब के हो गए. आप ले जाइए."

बाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं, आता घेतील. त्या माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "लागतो का मला? नाही लागत. मिरजेत खल मिळत नाहीत का? ढिगाने मिळतात." तिसरा प्रश्न, पाच वर्षांचा, त्यांनी विचारला नाही.

मग त्यांनी खल नाकाशी धरला. त्या सकाळसारखाच, बराच वेळ.

"मला हल्ली वास येत नाही," त्या म्हणाल्या. "तू बघ. येतो का?"

मी वास घेतला. कसलाच वास नव्हता. दगड होता, स्वच्छ आणि गार. पण बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हां जी," मी म्हटलं. "लसणाचा."

"मग धुवायला हवा," बाई म्हणाल्या. "पोरांचे नमुने बिघडतील."

त्या खोलीच्या टोकाला नळापाशी गेल्या. पदर कमरेला खोचला, बांगडी वर सारली, आणि खल धुवायला लागल्या. आतून धुतला, बाहेरून धुतला, कडेवरून नख फिरवलं. उजेडात धरून बघितला, आणि पुन्हा नळाखाली धरला.